चार तक्रारी, एक गिझर: कॅम्पर ट्रेलरमधलं एक प्रकरण

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घर, दहाएक वर्षांचा, सेकंडहँड घेतलेला. मालक एक निवृत्त जोडपं. वर्षातला बराच काळ ट्रेलर शेडखाली उभा असतो आणि मोसम आला की काही आठवडे रस्त्यावर. या मोसमाच्या तोंडावर त्यांनी गिझरच्या तक्रारींची यादी पुढे ठेवली. गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. गिझर तापायला लागला की बाहेरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. गॅसवर लावला की टकटक होऊन पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. एवढं सगळं करून पाणी तापलंच, तर शॉवरला येतं ते कोमट. यादीच्या शेवटी निदानही लिहून ठेवलेलं होतं: गिझर म्हातारा झाला, नवा घ्यावा लागणार.

निदानानुसार खर्चही सुरू झाला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून झाला होता आणि नवाही जुन्यासारखाच ठिबकत होता. पुढचा नंबर कंट्रोल बोर्डाचा, मग थर्मोस्टॅटचा, आणि तरीही जमलं नाही तर अख्खा गिझरच बदलायचा. तक्रारी सगळ्या एकाच पेटीतून येत असल्या की त्यांचं मूळही एकच असणार, असं वाटणं साहजिक आहे. इथे चार तक्रारींची चार वेगळी कारणं निघाली. जळलेला किंवा मोडलेला पार्ट मात्र एकही नव्हता. बदलावा लागला तो एक रॉड, आणि तो मुळात झिजण्यासाठीच बसवलेला असतो.

गिझर कोणत्या जातीचा

उत्तर अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरमध्ये हमखास दिसणारा प्रकार. ६ गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची पोलादी टाकी, आतून काचेसारख्या इनॅमलचा थर दिलेली. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीतलं जाळीचं दार उघडलं की बर्नर, व्हॉल्व्ह आणि टाकीचं तोंड समोर येतं. तापवण्याच्या सोयी दोन: ताशी अंदाजे १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) प्रोपेन बर्नर आणि १४४० वॅटचं विजेचं एलिमेंट. १० अंश सेल्सियसचं पाणी ६० अंशांवर न्यायला एकट्या एलिमेंटला ५५ मिनिटांच्या आसपास लागतात, बर्नरला साधारण त्याच्या निम्मा वेळ. थर्मोस्टॅट मॉडेलप्रमाणे ५४ ते ६० अंशांवर बंद करतो. तो अडकलाच तर सुमारे ८२ अंशांवर तापवणं तोडणारा दुसरा कट-आउट आहे, आणि सगळ्यात शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह.

टाकीची जात आधी ओळखणं महत्त्वाचं, कारण देखभाल तिच्यावर ठरते. सबर्बनच्या गिझरमध्ये असते तशी इनॅमलची पोलादी टाकी असेल तर तिच्यात टाकीऐवजी स्वतः झिजणारा अ‍ॅनोड रॉड असतो. जुन्या अ‍ॅटवुडसारखी अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर रॉड नसतो, फक्त प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत हौसेनं रॉड बसवणारे लोक भेटतात. तिथे त्याचं काही काम नाही.

आधी बघितलं, मग उघडलं

साफसफाई लगेच सुरू केली असती तर निम्मा पुरावा धुऊन गेला असता. म्हणून आधी गिझर आहे तसा चालवून बघितला.

विजेवर लावला तर निमूटपणे तापला. म्हणजे एलिमेंट आणि त्याचा थर्मोस्टॅट दोन्ही शाबूत. थंड पाण्याचा नळ सोडून वास घेतला, काही नाही. गरम नळ सोडला आणि नाक मुरडावं लागलं. मालकीणबाईंनी यात एक उपयोगी भर घातली: वास सगळ्यात जास्त सकाळच्या पहिल्या पाण्याला येतो, दिवसभर वापर झाला की कमी होतो. या दोन गोष्टींवरून बरंच कळतं. वास थंड-गरम दोन्ही पाण्यांना असता तर दोष भरलेल्या पाण्याचा, पाईपचा किंवा पिण्याच्या टाकीचा. फक्त गरम पाण्याला आणि साचून राहिल्यावर जास्त, म्हणजे वास गिझरच्या टाकीतच तयार होतोय.

मग गॅसवर. ठिणगी पडली, ज्योत आली, पण पिवळी आणि आळसावलेली. सात-आठ सेकंदांत बोर्डानं गॅस तोडला. पुन्हा ठिणगी, पुन्हा तेच. तिसऱ्या प्रयत्नानंतर आतल्या पॅनलवरचा लाल दिवा लागला. धूर बाहेर पडतो त्या जाळीवर काजळीचा काळा पट्टा होता, आणि तो एका दिवसात जमलेला नव्हता.

कोमट पाणी

सर्वात लवकर सुटली ती ही तक्रार. टाकी विजेवर पूर्ण तापलेली असताना स्वयंपाकघरातला फक्त गरम नळ सोडला आणि पाईपांना हात लावत गेलो. गिझरमधून बाहेर पडणारा पाईप हात ठेववणार नाही इतका कढत. तोच पाईप नळापर्यंत पोचता पोचता कोमट. अंतर जेमतेम दोन-तीन मीटर, त्यात इतकी उष्णता हवेत जात नाही. वाटेत कुठेतरी थंड पाणी येऊन मिसळत होतं.

या गिझरच्या मागे बायपासचे तीन व्हॉल्व्ह असतात. थंडीत ट्रेलर उभा करताना टाकी वगळून बाकीच्या पाईपांत अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, फिरवायला ते कामी येतात. मोसम सुरू झाला की बायपासचा व्हॉल्व्ह बंद आणि टाकीचे दोन्ही उघडे हवेत. बायपास अर्धवट उघडा राहिला तर थंड पाणी टाकीला वळसा घालून थेट गरम लायनीत जातं. कोमट पाण्याची तक्रार आली की सगळे पहिला संशय इथेच घेतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मालकांनीही तो घेतला होता, पण व्हॉल्व्ह जागच्या जागी होते. हँडल नुसतं फिरतंय आणि आतला गोळा तसाच, असंही नव्हतं.

राहिले मिक्सर नळ, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारे. आतले दोन्ही नीट बंद होत होते. बाहेरच्या भिंतीत एका छोट्या दाराआड हातशॉवर आहे का, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "आहे, पण तो बंद असतो." त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, कुत्र्याचे पाय धुतो ना आपण तिथे. हातातलं बटण दाबलं की बंद होतो तो." तेच कारण होतं. हातशॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून पाणी थांबवलं होतं, पण त्यामागचे गरम आणि थंड दोन्ही नळ पूर्ण उघडे होते. बाहेर थेंबही पडत नाही, म्हणून सगळं बंद आहे असं वाटतं. आत मात्र मिक्सरच्या पोटात थंड लाइन आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात. स्वयंपाकघरात गरम नळ सोडला की त्या वाटेनं थंड पाणी गरम पाईपात शिरतं.

दोन नळ बंद केले. पुढच्या काही मिनिटांत शॉवरला हात भाजेल असं पाणी आलं.

याचा एक आडपरिणाम वासाच्या तक्रारीशी जोडलेला होता. गरम नळातून येणाऱ्या पाण्याचा बराच भाग टाकीतून न येता मधल्या वाटेनं येत असेल, तर टाकीतलं पाणी कमी बदललं जातं. ते जास्त वेळ कोंडून राहतं.

वास आणि रॉड

टाकी उघडण्याआधीची काळजी इथे जराही आखडती घेऊ नये. गॅस बंद, गिझरचा विजेचा ब्रेकर खाली, पंप बंद, बाहेरून जोडलेलं पाणी बंद. टाकी पूर्ण थंड होईपर्यंत थांबलो. मग आतला गरम नळ उघडून दाब सोडला, सेफ्टी व्हॉल्व्हची चिमटी (तो हातानं उघडायची छोटी कळ) उचलून खात्री केली, आणि त्यानंतरच रॉडला पाना लावला. रॉड टाकीच्या तळाशी आडवा बसतो. आत दाब आणि कढत पाणी असताना तो सैल केला तर रॉड आणि पाणी दोन्ही अंगावर येतात. म्हणून उभं राहायचं तेही तोंडासमोर नाही, बाजूला.

सॉकेट १ पूर्णांक १/१६ इंची लागतं, २७ मिलिमीटरचं चालतं. रॉड घट्ट बसलेला होता, लांब दांडा लावावा लागला. बाहेर आला तो रॉड म्हणण्यासारखा उरला नव्हता. आटे असलेल्या टोकाशी मॅग्नेशियमचा खडबडीत ढेकूळ, पुढे मधली पोलादी तार उघडी, तिच्यावर पांढरी खपली. पाण्याबरोबर राखाडी चिखल आणि अंड्याच्या कवचासारखे पांढरे तुकडे पडत राहिले. बाहेर उभं राहूनही वास येत होता.

वासाचं रसायन असं. पाण्यात सल्फेट असतं, विहिरी-बोअरच्या पाण्यात जरा जास्तच. हवा नसलेल्या, उबदार, साचलेल्या पाण्यात काही जिवाणू या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. मॅग्नेशियम पाण्यात विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि या जिवाणूंना तो आयता मिळतो. तळाचा गाळ म्हणजे त्यांचं घरच. थंड पाणी तळाशीच येतं, त्यामुळे वरचं पाणी चांगलं तापलं तरी तळ आणि गाळाचा थर तितका तापत नाही.

मालकांनी यावर एक उपाय ऐकला होता. "रॉडच काढून टाकला आणि साधा प्लग बसवला तर? वास जाईल ना?"

जाईल, बहुतेक. आणि टाकीही जाईल. इनॅमलचा थर कुठेच अखंड नसतो. जोडाशी, कोपऱ्यांत बारीक छिद्रं असतात आणि तिथे पोलाद पाण्याला उघडं पडतं. धातू किती सहज विरघळतो हे त्याच्या मानक विभवावरून कळतं, जितका उणे तितका सहज: मॅग्नेशियमचा उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४. दोन्ही धातू एकाच पाण्यात आणि एकमेकांना जोडलेले असले की आधी मॅग्नेशियम विरघळतं आणि लोखंड वाचतं. रॉड काढला की हीच झीज टाकीच्या वाट्याला येते. वासापायी टाकी गमावणं हा सौदा मला पटत नाही, विशेषतः वासावर दुसरा इलाज असताना.

इलाज दोन टप्प्यांत केला. पहिला क्षारांसाठी. रॉडच्या जागी तात्पुरता प्लग लावला, कारण आम्ल रॉडलाही खातं. दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी टाकीत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी टाकी रिकामी केली आणि टाकी धुण्याची बारीक वाकडी नळी तोंडातून आत घालून सगळ्या बाजूंनी फवारा मारला. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि वाटतं त्यापेक्षा बराच वेळ लागतो.

दुसरा टप्पा जिवाणूंसाठी. बिनवासाचं घरगुती ब्लीच, दर लिटर पाण्याला सुमारे १ मिलिलिटर. पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच असेल तर यातून साधारण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीन मिळतं. हे पाणी पिण्याच्या टाकीत मिसळून पंपानं गिझरमध्ये आणि प्रत्येक नळापर्यंत आणलं, काही तास ठेवलं, मग सगळं धुऊन काढलं. दोन टप्प्यांच्या मध्ये टाकी आणि पाईप पूर्ण धुणं हे ऐच्छिक नाही. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ट्रेलरसारख्या लहान बंद जागेत तो फार धोक्याचा.

नवा रॉड मॅग्नेशियमचा न घेता अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा घेतला. त्यातून हायड्रोजन कमी सुटतो आणि वास परत येण्याची शक्यता कमी होते. याला एक अट आहे. पाणी अगदी मऊ, क्षार नसलेलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा रॉड आळशीपणे काम करतो आणि तिथे मॅग्नेशियमच बरं. या टाकीतून निघालेला पांढरा खच बघता पाणी जड होतं हे उघडच होतं, त्यामुळे निवड सोपी गेली.

आट्यांना टेफ्लॉन टेप लावावी की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. टेपमुळे रॉड आणि टाकी यांच्यातला विजेचा संपर्क तुटतो आणि रॉड निरुपयोगी होतो, असा आक्षेप असतो. दोन-तीन वेढ्यांची टेप आवळताना आट्यांच्या धारांवर कापली जाते आणि धातूला धातू लागतोच. इथे मीटर लावून बघितलं: रॉडचं डोकं आणि टाकी यांत रोध नावापुरता. वाद मिटवायला मीटर पुरतो.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

नवा व्हॉल्व्हही ठिबकत होता, आणि हीच सगळ्यात मोठी खूण होती. दोन व्हॉल्व्ह लागोपाठ सारखेच वागले तर चूक त्यांची नसते.

पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की आकारमानानं १.७ टक्क्यांच्या आसपास वाढतं. २३ लिटरच्या टाकीत हे जवळजवळ ४०० मिलिलिटर. ट्रेलरमध्ये पंपापाशी आणि बाहेरच्या जोडणीपाशी एकतर्फी व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे वाढलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. म्हणून या टाकीच्या माथ्याशी हवेचा एक कप्पा ठेवलेला असतो. पाणी वाढलं की हवा दबते. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळत वाहून जाते आणि मग कप्पा भरतो. पाणी दाबलं जात नाही, दाब मात्र झपाट्यानं चढतो आणि १५० पीएसआयला, म्हणजे साधारण १० बारला, व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हनं त्याचं काम चोख केलं होतं. त्यालाच दोषी ठरवून काढलं होतं.

हवेचा कप्पा परत करायची रीत सोपी आहे. गिझर बंद करून थंड होऊ द्यायचा. पंप आणि बाहेरचं पाणी बंद. घरातला एक गरम नळ उघडायचा. मग व्हॉल्व्हची चिमटी उचलून धरायची आणि पाणी वाहायचं थांबलं की सोडायची. आधी चिमटी सोडायची, मग नळ बंद करायचा. वरचं पाणी गेलं, त्या जागी हवा आली. टाकी धुण्यासाठी आपण ती पूर्ण रिकामी केलीच होती, त्यामुळे भरताना कप्पा आपोआप झाला आणि गिझर पहिल्यांदाच न ठिबकता तापला. पण तो कायमचा नाही, हे मालकांना सांगून रीत त्यांच्याकडून करून घेतली. ज्यांना हा व्याप नको त्यांनी पाण्याच्या लायनीत वाढलेलं पाणी सामावून घेणारी छोटी एक्स्पान्शन टाकी बसवावी.

इथे एक गोष्ट थोडी चढ्या आवाजात सांगावी लागली. ठिबक थांबवायला व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. हा व्हॉल्व्ह दाबावर उघडतो तसाच ९९ अंश सेल्सियसलाही उघडतो. थर्मोस्टॅट आणि कट-आउट दोन्ही अडकले आणि व्हॉल्व्हला बूच असलं, तर बंद टाकीतलं पाणी १०० अंशांच्या वर जातं. अशी टाकी फाटली की त्या पाण्याच्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट जागा मागतं. झोपायची जागा त्या टाकीपासून हातभर अंतरावर असते.

विझणारी ज्योत

गिझर पेटतो आणि विझतो, याचा अर्थ गॅस आहे, ठिणगी आहे, बोर्ड जिवंत आहे. नसतं ते एकच: ज्योत पेटल्याची बोर्डाला खात्री. ही खात्री बोर्ड ठिणगीच्याच इलेक्ट्रोडमधून करून घेतो. ज्योतीतून अगदी क्षीण, मायक्रोअँपिअरच्या मापाचा प्रवाह बर्नरच्या धातूत, तिथून ट्रेलरच्या अर्थिंगमध्ये आणि परत बोर्डात येतो. हा प्रवाह आला नाही तर गॅस बाहेर पडतोय पण पेटलेला नाही असं धरून बोर्ड व्हॉल्व्ह बंद करतो. त्यामुळे वाटेतला कुठलाही अडथळा विझण्याच्या रूपात दिसतो आणि नाव मात्र बोर्डाचं निघतं.

बर्नरची नळी काढली. आत कोळ्याचं जाळं होतं, तेही नुसतं धाग्यांचं नव्हे, धूळ आणि अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्यांनी फुगलेलं. पलीकडे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलेलं. अंधारी, कोरडी, महिनोन् महिने कुणी न हलवणारी नळी त्यांना आणखी कुठे मिळणार! जाळ्यामुळे गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नव्हती, म्हणून ज्योत पिवळी, म्हणून काजळी, आणि म्हणून इलेक्ट्रोडच्या टोकाला ज्योत नीट लागत नव्हती. अशी ज्योत कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडते. गिझरचा धूर बाहेर जातो हे खरं, पण त्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असेल तर तो आतही येऊ शकतो.

नळी बारीक ब्रशनं आणि हलक्या हवेनं साफ केली. गॅसच्या जेटमध्ये तार घालायची नाही, छिद्र वाढतं. ते स्पिरिटमध्ये भिजवून वाळवलं. इलेक्ट्रोडवरची पांढरी साय पुसली, टोक आणि बर्नर यांतलं अंतर ३ मिलिमीटरवर आणलं. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून गळती तपासली. ज्योत आता निळी आणि फुरफुरती आली. तरीही चार वेळांपैकी एकदा विझली.

उरलेलं कारण अर्थिंगच्या स्क्रूपाशी सापडलं. तो गंजलेला होता, आणि त्याच्या वरच कित्येक महिने सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी ओघळत होतं. ठिबकण्याचं आणि विझण्याचं मूळ वेगळं, पण पहिल्या तक्रारीनं दुसरीला असा हात दिला होता. स्क्रू आणि त्याखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा वायसर घातला, घट्ट केला. त्यानंतर गिझर विझला नाही.

बोर्ड मागवायचा राहिला तो राहिलाच. मनाच्या शांतीसाठी दोन मापं घेतली. शेगडीही चालू ठेवून गॅसचा दाब पाण्याच्या स्तंभात ११ इंच होता, म्हणजे रेग्युलेटर ठीक. बोर्डापाशी ठिणगी पडतानाही व्होल्टेज १२ च्या खाली गेलं नाही, म्हणजे बॅटरीही ठीक. ही दोन्ही मापं पहिल्याच दिवशी घ्यायला हरकत नव्हती. पण समोर काजळी दिसत असताना आधी नळी काढणंच मला रास्त वाटलं.

कीटकांसाठी धुराच्या जाळीवर आणखी बारीक जाळी लावावी का, हे मालकांनी विचारलं. बाजारात तशा जाळ्या मिळतात. पण काही गिझर कंपन्या त्यांना मनाई करतात, कारण हवेचा रस्ता अरुंद होतो. ट्रेलर उभा असताना लावा आणि पेटवण्याआधी काढा, एवढ्यावर आमचं ठरलं.

मोसम संपताना आणि पुढे

ट्रेलर परत शेडखाली जाण्याआधी टाकी रिकामी करून रॉड बाहेर काढून ठेवला. पाणी गोठलं की नऊ टक्के वाढतं आणि भरलेली टाकी किंवा पाईप फोडतं. टाकीत पाणी नसलं की रॉडही फुकट झिजत नाही. बायपास लावून पाईपांत प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, पिण्याच्या लायनीसाठीचं अँटिफ्रीझ फिरवलं. गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकायचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही. एलिमेंटच्या स्विचवर मालकांनी स्वतःहून चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं: टाकी भरल्याशिवाय हात लावू नये. पाण्याविना चालू केलेलं एलिमेंट जळायला फार वेळ घेत नाही, आणि हा गिझर आजवर त्यातून वाचला होता, हे नशीबच.

पुढच्या मोसमात रॉड तपासला. टोकाकडे खड्डे पडलेले, बाकी भरीव. तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा, आणि ती वेळ बरीच लांब आहे. वास परतला नाही. व्हॉल्व्ह मोसमाच्या मध्यावर पुन्हा ठिबकायला लागला होता, तेव्हा मालकांनी हवेचा कप्पा स्वतःच करून घेतला.

एक गोष्ट मात्र सुधारण्यासारखी नव्हती. टाकी धुऊन झाल्यावर तोंडातून बॅटरीचा झोत टाकून आत बघितलं होतं. तळाच्या जोडावर तांबूस गंजाचे दोन ओघळ होते, जुना रॉड संपून गेल्यावरच्या काळातले. नव्या रॉडमुळे त्यांचा वेग मंदावेल, ते भरून येणार नाहीत. टाकी आज गळत नाही, म्हणून ती बदलायचं कारण आज नाही. दर मोसमाला रॉडबरोबर हे ओघळही बघायचे. टाकीभोवतीचं आवरण किंवा तिच्याखालची फळी ओली लागली, तर तेव्हा मात्र लांबी, इपॉक्सी असल्या डागडुजीच्या नादी न लागता टाकी बदलायची, असं मालकांशी बोलून ठेवलं आहे.